आधी खाडीतला गाळ, मग बुर्ज: ‘कोकणाची दुबई’ मेसेजला उत्तर

महिन्याभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर आणि चौथा थेट आमच्या साहेबांकडून, ‘तुमचं कोकण बघा!’ अशा शेऱ्यासह. वर दोन फोटो, एक उंटाचा आणि एक बुर्ज खलिफाचा. म्हणणं थोडक्यात असं: चाळीस वर्षांपूर्वी दुबईत वाळूशिवाय काही नव्हतं, तेलसुद्धा नव्हतं. त्यांनी पर्यटकांना बोलावलं, परदेशी गुंतवणुकीला दारं सताड उघडली, कर शून्य ठेवला, आणि आज सगळं जग तिथे जातं. कोकणाला ७२० किलोमीटर किनारा, दुबईला जेमतेम सत्तर. तरी आपण मागे, कारण आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला विरोध. इच्छाशक्ती असेल तर दहा वर्षांत रत्नागिरीची दुबई होईल. खरे कोकणी असाल तर दहा जणांना पाठवा.

मी राहतो पुण्यात, गाव गुहागर तालुक्यात, नोकरी चाकणच्या एका कारखान्यात, एक्स्पोर्ट खात्यात. बावीस वर्षं माझा दिवस शिपिंग बिलं, कंटेनर आणि न्हावाशेवाची गेट बंद व्हायची वेळ यांत जातो. ‘जेबेल अली’ हे दुबईच्या मोठ्या बंदराचं नाव मी स्वतःच्या गावाच्या नावापेक्षा जास्त वेळा टाइप केलं असेल. म्हणून हा मेसेज पुढे ढकलण्याऐवजी त्याला उत्तर लिहायला बसलो.

‘चाळीस वर्षांपूर्वी तिथे फक्त वाळू होती.’

चाळीस वर्षं मागे गेलो की १९८५ च्या आसपास येतो. त्या वर्षी दुबईत काय होतं? रशीद बंदर १९७२ पासून चालू होतं. चार धक्क्यांचा बेत होता, काम चालू असतानाच तो सोळा धक्क्यांवर गेला. जेबेल अली बंदर १९७९ पासून चालू, तेही वाळवंट खणून आत समुद्र आणून केलेलं. एकोणचाळीस मजल्यांची वर्ल्ड ट्रेड सेंटरची इमारत उभी. जेबेल अलीचा फ्री झोन, म्हणजे जकात माफ असलेला कुंपणातला भाग, त्याच वर्षी सुरू झाला, आणि ऑक्टोबरात एमिरेट्सचं पहिलं विमान उडालं, पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीकडून भाड्याने घेतलेलं. उंटाचा फोटो खरा असेलही, उंट आजही आहेत तिथे. पण तो चाळीस वर्षांपूर्वीच्या दुबईचा पुरावा होत नाही.

दुबई व्यापारी गाव झाली ती त्याच्याही फार आधी. १९०० च्या सुमारास इराणच्या लिंगे बंदरात जकात वाढली आणि दुबईच्या शेखांनी आपल्याकडची माफ केली. तिथले व्यापारी बोचकी-बाडबिस्तारा घेऊन पलीकडून अलीकडे आले. मोत्यांचा धंदा होता, तो जपानच्या कृत्रिम मोत्यांनी १९३० च्या दशकात मारला. बाजारात चलन म्हणाल तर आपला रुपया. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या. १९६६ च्या जूनमध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, तेव्हा तिकडच्यांनी तो सोडला. ज्या गावात रुपया चालत होता त्या गावाला आपण ‘नुसती वाळू’ म्हणतो, ही मला जरा गंमतच वाटते.

आणि मेसेजात ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट, म्हणजे गाळ. दुबईचं जुनं बंदर ही एक खाडी आहे, आपल्याकडे असते तशीच. १९५० च्या दशकात तिच्या तोंडाशी इतकी वाळू साचली की मोठं गलबत आत येईना. जहाजं बाहेर उभी राहायची आणि माल होड्यांतून आत यायचा. दुबईचे तेव्हाचे राज्यकर्ते शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज काढलं, व्यापाऱ्यांकडून रोख्यांवर पैसे उभे केले आणि खाडी उपसली. १९६१ च्या सुमारास ते काम झालं. तेल सापडलं १९६६ मध्ये. क्रम लक्षात घ्या: खिशात दमडी नसताना पहिलं कर्ज काढलं ते गाळ काढायला. हॉटेल बांधायला नव्हे.

आता आमच्याकडे बघा. बहमनी काळात दाभोळला अरबस्तानातून घोडे उतरायचे. १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळलं, म्हणजे जाळण्याइतकी श्रीमंती तिथे होती. माझी आई लहान असताना मुंबईहून दाभोळला बोटीने यायची. बोट बाहेर उभी राहायची आणि माणसं पडावात उतरायची. तशीच बोट दुबईबाहेरही उभी राहायची. फरक इतकाच की आमच्याकडे खाडी उपसायचं कुणी मनावर घेतलं नाही. दाभोळ खाडीला येणाऱ्या वाशिष्ठी नदीतला गाळ मोठ्या प्रमाणावर निघायला लागला तो २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडाल्यावर, आणि तोही पूर टाळायला.

‘तेल नव्हतंच.’

होतं. १९६६ ला समुद्रात सापडलं, १९६९ पासून बाहेर जायला लागलं, १९९१ च्या सुमारास रोज चार लाख पिंपांच्या आसपास पोचलं आणि मग उतरत गेलं. अबूधाबीच्या मानाने किरकोळ, पण जेबेल अली आणि जहाजदुरुस्तीची गोदी बांधायला पुरेसं. आज दुबईच्या उत्पन्नात तेल नावापुरतं आहे हे खरं, आणि मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तेवढंच वाचलं. वडिलोपार्जित शेत विकून दुकान टाकलं आणि दुकान चाललं, तर ‘शेत कधी नव्हतंच’ असं होत नाही.

‘पर्यटकांनी दुबई मोठी केली.’

हा दावा सगळ्यांना पटतो, कारण आपण तिथे जातो ते पर्यटक म्हणून. लोहगावहून थेट विमान, चार रात्री-पाच दिवस, बुर्जवर फोटो, वाळवंटात जीप, परत. मीही बायकोमुलीला घेऊन गेलोय. पण त्याआधी कंपनीच्या कामाला गेलो होतो, आणि दुबई म्हटलं की मला आजही तीच फेरी आठवते.

जेबेल अलीच्या फ्री झोनमधलं एक गोदाम. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री, आत नुसते पंखे. आमचे खोके तिथे एका रांगेत लावलेले, प्रत्येकावर चाकणचा शिक्का. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. एक मल्याळी सुपरवायझर आणि चार-पाच पोरं ते खोके उघडत होती, आतल्या पुड्या मोजून छोट्या पेट्यांत भरत होती, वर नवीन स्टिकर लावत होती. एक ढीग मोम्बासाचा, एक बसऱ्याचा, एक दार-ए-सलामचा. शेजारच्या रांगेत चीनचे टायर, पलीकडे तुर्कस्तानचे नळ. सगळं कुठून तरी आलेलं आणि कुठे तरी जाणारं, दुबईत राहणारं काहीच नाही. सुपरवायझरने कागदी कपात चहा दिला आणि म्हणाला, ‘सर, यहाँ सिर्फ स्टिकर बनता है।’ मी हसलो, पण माणूस नेमकं बोलला होता. दुबई ही मुळात गोदाम आहे. मालाच्या मागून माणसं आली, माणसांसाठी विमानं आली, आणि विमानांत जागा उरल्या तेव्हा पर्यटक आले.

सनावळी लावून पाहा. खाडी १९६१, रशीद बंदर १९७२, जेबेल अली १९७९, फ्री झोन आणि एमिरेट्स १९८५, पर्यटनासाठी सरकारी मंडळ १९८९, शॉपिंग फेस्टिव्हल १९९६, शिडाच्या आकाराचं ते बुर्ज अल अरब हॉटेल १९९९. गाळ काढल्यापासून या हॉटेलापर्यंत अडतीस वर्षं. मेसेजने ही यादी उलटी केली आणि शेवटच्या ओळीला पहिली ओळ म्हटलं.

आकडेही हेच सांगतात. २०२४ मध्ये दुबईत १ कोटी ८७ लाख परदेशी पाहुणे मुक्कामाला आले. आकडा अफाट आहे, वाद नाही. पण त्याच वर्षी जेबेल अलीने वीस फुटी मापाने दीड कोटीच्या वर कंटेनर हाताळले. दुबईच्या एकूण उत्पन्नात घाऊक-किरकोळ व्यापाराचा वाटा चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतो, हॉटेल आणि खानपानाचा पाच टक्क्यांहून कमी. पर्यटक दुकानांत आणि विमानातही पैसे टाकतो, तो या पाच टक्क्यांत दिसत नाही, हे मान्य. तरीही मूळ धंदा कुठला आणि जोडधंदा कुठला, एवढं यातून कळतं.

एक बारीकशी गोष्ट, जी कुठल्याच मेसेजात नसते. साठ-सत्तरच्या दशकांत दुबईचा मोठा धंदा सोन्याचा होता. तिथे सोनं आणणं पूर्ण कायदेशीर. इकडे आपला सुवर्ण नियंत्रण कायदा, १९६८ पासून १९९० पर्यंत. मग ते सोनं गलबतांतून कुठल्या किनाऱ्यावर उतरायचं, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारायला लागत नाही, ते आपणहून सांगतात. त्यांच्या भरभराटीत आपल्या कायद्यांचाही हातभार आहे.

‘परदेशी गुंतवणुकीला दारं सताड उघडली.’

सताड नाही. कुंपण घालून, एक फाटक उघडलं.

जेबेल अलीच्या कुंपणाच्या आत १९८५ पासून परदेशी माणसाला शंभर टक्के मालकी मिळायची. कुंपणाबाहेर? कंपनी काढायची तर एकावन्न टक्के हिस्सा स्थानिक भागीदाराचा. ही अट सर्वसाधारणपणे २०२१ च्या जूनपर्यंत होती. परदेशी माणसाला घर मालकीहक्काने घ्यायची परवानगी २००२ मध्ये आली, आणि तीही ठरवून दिलेल्या भागांतच. आपल्या ग्रुपवर जर कुणी ‘कोकणात बाहेरच्याने धंदा काढला तर एकावन्न टक्के गावकऱ्याचे’ असा नियम सुचवला, तर हा मेसेज पाठवणारेच त्याला विकासविरोधी म्हणतील.

आणि दार उघडल्यावर आत काय येतं तेही पाहायला हवं. २००२ नंतर जमीन-इमारतींत पैसा धो-धो आला, सरकारी कंपन्यांनी कर्ज काढून समुद्रात बेटं घातली. २५ नोव्हेंबर २००९ ला त्यांतल्याच दुबई वर्ल्ड या कंपनीने सावकारांना सांगितलं, हप्ते थांबवा. २६ अब्ज डॉलरचं कर्ज नव्याने बांधावं लागलं. डिसेंबरात अबूधाबीने १० अब्ज डॉलर दिले. तीन आठवड्यांनी, ४ जानेवारी २०१० ला, ८२८ मीटरचा जो मनोरा ‘बुर्ज दुबई’ म्हणून बांधला होता त्याचं उद्घाटन ‘बुर्ज खलिफा’ म्हणून झालं. खलिफा म्हणजे अबूधाबीचे तेव्हाचे शेख. मेसेजातला तो फोटो म्हणजे, एका अर्थी, मोठ्या भावाने फेडलेल्या उसनवारीची पाटी आहे. रत्नागिरीला असा भाऊ कोण? मुंबई म्हणाल, तर तिचं लक्ष नाही.

सेनापती बापट रस्त्यावरच्या एका हॉटेलात मध्यंतरी दुबईच्या फ्लॅटचं प्रदर्शन होतं, मेव्हण्याबरोबर गेलो होतो. काचेच्या पेटीत इमारतीचं मॉडेल, निळे दिवे, फुकट कॉफी. टाय घातलेला मुलगा अस्खलित मराठीत सांगत होता, ‘काका, आत्ता फक्त बुकिंग, बाकी ताबा मिळेपर्यंत हप्त्याहप्त्याने.’ रिझर्व्ह बँकेच्या नियमाने माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात, हेही त्यानेच सांगितलं, आणि वहिनींच्या नावाने आणखी अडीच. तेव्हा ‘दुबईत परदेशी गुंतवणूक’ म्हणजे कोण, तर त्या रांगेत उभे असलेले आम्ही कोथरूडकर.

‘कर शून्य.’

पगारावर कर नाही, हे खरं. बाकी २०१८ पासून पाच टक्के व्हॅट आहे, २०२३ पासून कंपन्यांच्या नफ्यावर नऊ टक्के कर आहे, घर घेताना चार टक्के नोंदणीचे, हॉटेलात रात्रीमागे पर्यटनाचे दिरहम वेगळे. पुढे.

‘आपल्याकडे ७२० किलोमीटर किनारा, त्यांच्याकडे सत्तर.’

किनारा लांबीवर चालत नाही. जहाजाला पाणी खोल लागतं आणि बंदरामागे रस्ता-रेल्वे लागते. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली, मुंबई-गोवा महामार्गाचं काय ते मी लिहीत नाही, गणपतीला जाणारा प्रत्येक जण पाठीच्या मणक्याने जाणतो. आणि जिथे खोली आणि रस्ते दोन्ही होते तिथे महाराष्ट्राने बंदर केलंच की. न्हावाशेवा १९८९ ला सुरू झालं, २०२४-२५ मध्ये तिथे त्याच वीस फुटी मापाने ७३ लाख कंटेनर हाताळले गेले. पालघरच्या वाढवणला २०२४ मध्ये भूमिपूजन झालं, खर्च ७६ हजार कोटींच्या वर, कारण तिथे वीस मीटर खोली निसर्गतः मिळते. म्हणजे दुबईची खरी नक्कल चालू आहे, फक्त ती फोटोत चांगली दिसत नाही.

पर्यटनाचंच म्हणाल तर सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, देशातला पहिला. चिपीला विमानतळाचं उद्घाटन झालं २०२१ मध्ये, आणि विमानं कधी सुरू, कधी बंद.

माझ्या चुलतभावाच्या चार खोल्या आहेत समुद्राजवळ, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी. हिशोब वहिनी ठेवते, शंभरपानी वहीत, पेन्सिलीने. मागच्या दिवाळीत ती वही मी चाळली. शनिवार-रविवारच्या चौकटी गच्च, सोमवार ते शुक्रवार रिकाम्या, नाताळचा आठवडा एकदम काळा. जून ते सप्टेंबरची पानं कोरीच, त्यावर नातवाने होडी काढली होती. पावसात समुद्रावर जायचं नाही, मासेमारी बंद, पाहुणा येऊन बघणार काय? मे महिन्यात खोल्या भरतात तेव्हा विहीर आटलेली. समासात ‘टँ’ असं लिहून खुणा केलेल्या, एकेक टँकरची एकेक. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात. दुबईने पाऊस नसताना समुद्राचं पाणी गोडं करायचे कारखाने काढले; आमचा जांभा पडलेलं सगळं पाणी खाली सोडून देतो आणि ते अडवायला कुणाला वेळ नाही.

जमिनीचा मुद्दा याहून अवघड. दुबईत ओसाड वाळवंट राज्यकर्त्याचं, त्याने बोट दाखवलं की तिथे बंदर. आमच्या घरामागच्या अकरा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर एकतीस नावं आहेत, त्यातली नऊ माणसं वारली, दोन कुठे आहेत ते माहीत नाही आणि एक जण मी. इच्छाशक्ती ठेवायची तर आधी तलाठ्याकडे ठेवावी लागेल.

‘कोकणात प्रत्येक गोष्टीला विरोध होतो.’

इथे मेसेजात थोडं तथ्य आहे. काही विरोध हा फक्त पुढाऱ्यांच्या अदलाबदलीचा असतो, कालपर्यंत विरोधात बसलेला आज बाजूने बोलतो. पण परदेशी गुंतवणूक कोकणाने पाहिलेलीच नाही असं समजू नका. आमच्याच तालुक्यात, अंजनवेलला, एन्रॉन आली. १९९५ मध्ये राज्याने करार रद्द केला, १९९६ मध्ये पुन्हा केला, १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा चालू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. त्याच वर्षाअखेर कंपनी अमेरिकेत दिवाळखोर. वीज घ्या किंवा न घ्या, ठरावीक आकार द्यायचाच, तोही डॉलरशी बांधलेला: असा तो करार होता, आणि तो परवडेना म्हणून वीज मंडळ थांबलं. ज्यांनी तेव्हा ‘दर वाचून बघा’ म्हटलं त्यांनाही विकासविरोधीच म्हटलं गेलं होतं.

नाणारची रिफायनरी तर थेट आखाताचीच. २०१८ मध्ये सौदी अरामको आणि अबूधाबीची अॅडनॉक दोघी भागीदार म्हणून आल्या. २०१९ मध्ये जमिनीची अधिसूचना रद्द झाली. ती व्हायला हवी होती की नको, यावर आमच्या भावकीच्या ग्रुपवर दोन तट आहेत आणि मी दोन्हींत नाही. पण हापूसच्या बागेवाल्याने ‘मोहोराचं काय होईल’ असं विचारणं म्हणजे विकासाला विरोध, हे मला मान्य नाही. जेबेल अलीच्या जागी कुणाची कलमं नव्हती.

‘दहा वर्षांत होईल.’

दुबईत दहा माणसांत नऊ बाहेरची, त्यांना मत नाही, संघटना नाही, संप केला तर परतीचं तिकीट: अशा मजुरांवर ती इमारत उभी आहे. ते मजूर कोण, हे रत्नागिरी जिल्ह्याला समजावून सांगायला नको. खेड, दापोली, मंडणगड भागातल्या कितीतरी घरांवरचा स्लॅब आखातातल्या पगारावर पडलाय. गल्फला गेलेला माणूस दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा, ब्लँकेट आणि टेपरेकॉर्डर घेऊन, आणि पोराने चालायला सुरुवात केलेली असायची. कोकणाने दुबई बांधण्यात आपला वाटा कधीच उचललाय, तोही विनामेसेज.

राहिली शेवटची ओळ, दहा जणांना पाठवा. मी एकीलाच पाठवला, वहिनीला, आणि खाली लिहिलं, ‘काय म्हणतेस, करायची का गुहागरची दुबई?’ तासाभराने तिचा आवाजी निरोप आला. मागे मिक्सर चालू होता. ‘भावोजी, ते राहू दे. तुमचे साहेब शनिवारी येणार म्हणालात ते नक्की का? किती माणसं, ते शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा. आणि येताना पुण्याहून दोन मोठे ड्रम मिळाले तर बघा, पाण्याचे, निळे.’